जुने यंत्र, बगदादची वाट

खेळासाठी पैसे मागणाऱ्या मुलाला आपल्या घरांतून काय उत्तर मिळते, ते वाचकांना सांगायला नको. क्रिकेटची बॅट मागितली तर बाप निदान हसून नाही म्हणतो. कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी मागितले की घरातली सगळी वडीलधारी माणसे एकाएकी मौलाना होतात. कोणी इस्राफ म्हणतो, कोणी चष्म्याची भीती घालतो, कोणी दहावीचे टक्के काढतो. गंमत अशी की, हाच मुलगा रात्री चादरीखाली मोबाइल धरून दोन-दोन वाजेपर्यंत गोळ्या झाडत असतो. त्या मोबाइलचा रिचार्ज आपणच करून दिलेला असतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. दिसत नाही ते नाहीच, असा आपला हिशेब.

आम्ही या बाबतीत मुलांच्या बाजूचे. बैठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यावर काय चालले आहे ते दादीला दिसते, बहिणीला दिसते, अजान झाल्यावर तो बंद झाला की नाही तेही दिसते. मोबाइलला ही सोय नाही. खेळायचेच असेल तर घराच्या मधोमध, मोठ्या पडद्यावर खेळावे. मग प्रश्न उरतो पैशांचा. घरात जुने यंत्र असेल तर हा प्रश्न लोक समजतात तेवढा मोठा नसतो. मात्र ते यंत्र नेमके कुठे अडते आहे हे शोधण्याचा धीर हवा. आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी हा धीर कसा धरला गेला, ते इथे सांगतो.

बहिणीचे घर कोकणात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. दुल्हाभाई कुवेतला. २०१४ साली त्यांनी पैसे पाठवले आणि घरी कॉम्प्युटर जोडून घेतला, तो खेळासाठी नव्हे, स्काइपसाठी. दर जुम्म्याला दुपारी त्यावर कॅमेरा लावून सगळे घर ओळीने बसत असे आणि दुल्हाभाई एकेकाला सलाम करीत. पुढे २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरच चेहरा दिसू लागला आणि कॉम्प्युटरवर विणलेले झाकण पडले. ते स्काइपही मे २०२५ मध्ये कायमचे बंद झाले. यंत्र मात्र राहिले: इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, चार जीबी रॅमची एकच पट्टी, पाचशे जीबीची हार्डडिस्क. भंगारवाला पाचशे रुपये द्यायला तयार होता.

२०२४ च्या डिसेंबरात भाचा अकरावीत होता. त्याने आम्हाला फोन करून विचारले, "मामू, आपल्या जुन्या पीसीवर मिराज चालेल का?"

मिराज म्हणजे 'असॅसिन्स क्रीड मिराज'. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेला खेळ. त्याची कथा घडते इ.स. ८६१ च्या सुमारास, अब्बासी खिलाफतीच्या बगदादमध्ये. नायकाचे नाव बासिम इब्न इसहाक, रस्त्यावर वाढलेला चोर. खेळात फिरायला अख्खे शहर आहे: खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये पाया घातलेले गोल नगर, दजला नदी, बाजार, आणि बैतुल हिकमत. खेळातली पात्रे बोलतात तेही अरबीत ऐकता येते.

आम्ही त्याला विचारले, हाच का? मोहल्ल्यातली बाकीची पोरे तर व्हॅलोरंट खेळतात, तो जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतो, शिवाय फुकट आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, मला एकदा तरी आपल्या शहरात फिरायचंय. नेहमी ते उडवायलाच जातो आम्ही."

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. 'काउंटर-स्ट्राइक' मधला 'डस्ट-२' हा नकाशा २००१ पासून जगभरची पोरे खेळत आली. पिवळी वाळू, कमानी, अरबी वळणाच्या भिंती, आणि काम काय, तर बॉम्ब ठेवणे किंवा निकामी करणे. 'कॉल ऑफ ड्यूटी' च्या २००७ सालच्या 'मॉडर्न वॉरफेअर' मध्ये मध्यपूर्वेतला एक निनावी देश आहे. तिथे खेळणारा अमेरिकी सैनिक असतो आणि समोरून येणाऱ्यांच्या तोंडी अरबी असते. त्याच मालिकेच्या पुढच्या भागात एका घराच्या न्हाणीघरात टांगलेल्या चौकटीवर हदीसचे शब्द होते. मुसलमान खेळाडूंनी तक्रार केल्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये तो नकाशा काढून घेऊन दुरुस्त करावा लागला. करणाऱ्यांच्या मनात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. नक्षी म्हणून अक्षरे हवी होती, त्यांनी ती उचलली. पण मक्तबात नाजिरा कुराण शिकलेल्या पोराला ती अक्षरे वाचता येतात, आणि तो ती कोणाच्या बंदुकीच्या मागून वाचतो आहे हेही त्याला कळते. आमच्या भाच्याला ते कळले होते. त्याने कधी बोलून दाखवले नव्हते एवढेच.

म्हणून आम्ही हे काम अंगावर घेतले.

बहिणीकडे भिशीचे पंधरा हजार येणार होते. दुल्हाभाईंचे म्हणणे असे की, जुन्या डब्यात पैसे घालू नका. थांबा, दोन वर्षांनी चांगला लॅपटॉप घेऊ. खेळ झेपेल असा लॅपटॉप पन्नास-साठ हजारांच्या खाली मिळत नाही, आणि दोन वर्षांनी पोरगा कुठल्या गावात, कुठल्या वसतिगृहात असेल कोणास ठाऊक. बहीण म्हणाली, "पंधरा म्हणजे पंधरा. सोळावा हजार लागला तर मी नाही." एवढे बोलून तिने झाकण काढले, धुवायला टाकले, आणि कॉम्प्युटर आमच्या हवाली केला.

पहिला दिवस एक पैसाही खर्च न करता गेला. कॅबिनेट उघडले तर आत पालीची दोन अंडी आणि हीटसिंकच्या पंख्याखाली धुळीची गादी. कोकणातल्या दमट हवेने रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले होते. ते साध्या खोडरबराने हलकेच घासले की पितळेची पातेली घासल्यासारखे उजळतात. मऊ ब्रशने धूळ झाडली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावली. जुने यंत्र तापले की आपला वेग आपणच कमी करते, त्यामुळे दीडशे रुपयांच्या या पेस्टने होणारा फरक पुष्कळदा हजारोंच्या भागाने होत नाही. लोक मात्र इथून सुरुवात करीत नाहीत. दुकानात जाऊन 'ग्राफिक्स कार्ड दाखवा' इथून करतात.

नंतर यंत्र चालू करून आम्ही टास्क मॅनेजरचा तक्ता उघडला आणि भाच्याला नुसते बघत बसायला सांगितले. तो कंटाळला, पण बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, "मामू, प्रोसेसर रिकामाच बसलाय. डिस्क मात्र सारखी शंभर टक्के." बरोबर. दहा वर्षे फिरलेली हार्डडिस्क, तिची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी धावणार, तोवर बाकीचे सगळे हात बांधून उभे. तिच्या जागी ४८० जीबीची साटा जोडणीची एसएसडी घेतली, नवी, सत्तावीसशेला. या मदरबोर्डवर नव्या पद्धतीची एम-डॉट-टू खाच नाही, म्हणून अडीच इंची. साटाची चार भोके आहेत, त्यांपैकी दोनच वेगवान. वायर त्यातल्याच एकात जायला हवी. चालू व्हायला साडेतीन मिनिटे घेणारे यंत्र पंचवीस सेकंदांत उभे राहिले. दादीला वाटले, नवेच आणले.

रॅमसाठी बाजारात फार हिंडावे लागले नाही. डीडीआर-थ्री ही जुनी जात कचेऱ्यांच्या भंगारातून मुबलक निघते. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, वापरलेल्या, अठराशेत. दोन सारख्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनी माहितीची ये-जा होते. आणि या मदरबोर्डला खाचाही दोनच. मुळातली चार जीबीची पट्टी भाच्याने डब्यात जपून ठेवली, तिचा उपयोग पुढे सांगतो. २०२५ च्या शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि नव्या रॅमचे भाव भडकले. तेव्हापासून तर जुन्या जातीच्या यंत्राला टाकाऊ म्हणण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा.

आता एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा तो पंखेवाला डबा. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित भाग. जुन्या डब्यावर ठळक अक्षरांत '४५० वॅट' छापले होते. भाचा म्हणाला, पुरेल की. आम्ही त्याला बाजूचा बारीक तक्ता वाचायला लावले. १२ व्होल्टच्या रांगेत लिहिले होते १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात, तेव्हा खरी ताकद १९२ वॅट, आणि तीही लिहिणाऱ्याच्या इमानावर. आम्हाला हवे असलेले कार्ड १५० वॅट खाणारे, प्रोसेसर ८४. बेरीज २३४. दहावीच्या भौतिकशास्त्रात वॅट बरोबर व्होल्ट गुणिले अँपिअर हे सूत्र पाठ करून भाच्याने गुण मिळवले होते, पण त्या सूत्राने घरात आग लागू शकते की नाही हे ठरते, असे त्याला कोणी सांगितले नव्हते. असा डबा ओझ्याखाली फुटला की स्वतःबरोबर मदरबोर्डही घेऊन जातो. चांगल्या बनावटीचा पाचशे वॅटचा, कार्डासाठी वेगळी आठ टाचण्यांची वायर असलेला नवा डबा बत्तीसशेला घेतला. हा भाग वापरलेला घेऊ नये. बाकी सगळे जुने चालेल.

राहिले कार्ड. त्यासाठी एका शनिवारी मामा-भाचे पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडचे कागदावरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर त्या नावाने विचारले तर टॅक्सीवालाही क्षणभर बघत राहतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवार. तिथल्या गल्ल्यांत आणि पहिल्या मजल्यांवर अशी कितीतरी टेबले आहेत जिथे आपली पोरे हातात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन दिवसभर वाकून बसलेली असतात. घड्याळे, रेडिओ, टेपरेकॉर्डर, मोबाइल, कॉम्प्युटर. जमाना बदलला तसे यंत्र बदलले, वाकलेली पाठ तीच. आपल्या जलशांतून डॉक्टर, वकिलांचे सत्कार होतात ते व्हावेत. या हुनराचा सत्कार कोणी केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

पहिल्या दुकानदाराने नवे कार्ड काढले, डबा चकचकीत, आरएक्स ६५००. किंमत आमच्या कुवतीच्या वर, तरी भाचा मोहात पडला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यामधल्या रस्त्याला मार्गिका असतात. जुनी तगडी कार्डे सोळा मार्गिका वापरतात. २०२२ साली आलेले हे कार्ड फक्त चार वापरते, कारण नव्या मदरबोर्डवरची एकेक मार्गिका फार वेगवान असते. आमच्या एच-८१ वरचा रस्ता दुसऱ्या पिढीचा. त्यावर चारच मार्गिका म्हणजे घाटातल्या एकेरी रस्त्यावर एसटीची जत्रा. नवे, महाग, आणि आमच्या घरी जुन्याहून मंद. इंटेलच्या स्वस्त आर्क कार्डांचीही अशीच अडचण. ज्या सोयीवर ती भरवसा ठेवतात ती या वयाच्या मदरबोर्डवर नसते. नवे ते चांगले, हे दुकानदाराने सांगितले तर तो त्याचा धंदा आहे. आपण आपल्या घरचा रस्ता पाहून घ्यावे.

खेळाच्या किमान अपेक्षांत लिहिले होते: जीटीएक्स १०६० सहा जीबीचे, किंवा आरएक्स ५७० चार जीबीचे. या दोन्ही जाती वापरलेल्या बाजारात भरपूर आहेत आणि त्यामागे एक कथा आहे. इथेरियम नावाचे आभासी चलन खणायला लोकांनी खोल्या भरभरून कार्डे रात्रंदिवस चालवली. १५ सप्टेंबर २०२२ ला त्या चलनाने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज एका दिवसात संपली, आणि ती सगळी बाजारात आली. रातोरात श्रीमंत होण्याचा त्या लोकांचा नाद आमच्या भाच्याच्या कामी आला. व्याजाचा आणि जुगाराचा पैसा नको म्हणणाऱ्या एका ज्येष्ठांनी नंतर शंका काढली की, असे कार्ड चालते का. आम्ही म्हटले, आपण चलन घेत नाही, भंगार घेतो.

पण भंगार पारखून घ्यावे लागते. भाच्याला आम्ही घरूनच शिकवून नेले होते. पंखे हाताने फिरवून पाहायचे, खरखर आली तर परत. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असले तर कार्ड आधी उघडलेले आहे. त्यात वाईट काही नाही, पण कशासाठी उघडले ते विचारायचे. मग दुकानदाराच्याच यंत्रावर लावून जीपीयू-झेड हा छोटा कार्यक्रम चालवायचा. बाजारात असली कार्डेही फिरतात की, मुळात दहा वर्षांपूर्वीचे काही भलतेच असते आणि आतले नाव बदलून नवे करून विकतात. हा कार्यक्रम त्यातली पुष्कळ पकडतो. दुसरी चलाखी जास्त बारीक. आरएक्स ५८० म्हणून विकले जाणारे कार्ड २०४८ शेडर दाखवत असेल तर ते ताकदीने ५७० च आहे. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. तिसऱ्या टेबलावर असेच एक आठ जीबीचे निघाले. सांगितले सात हजार. भाच्याने पडद्यावरचा आकडा दाखवून अदबीने म्हटले, "चाचा, हे तर पाचशे सत्तर आहे." त्या गृहस्थांनी चष्मा वर करून आधी पडद्याकडे, मग त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कुठला रे तू?" गाव सांगितल्यावर त्यांची सासुरवाडी दोन गावे पलीकडची निघाली. पंधरा मिनिटे कार्ड भरपूर तापवून दाखवले, पडद्यावर एक ठिपका हलला नाही. साडेपाच हजारांत दिले, महिन्याची हमी चिठ्ठीवर लिहून दिली, आणि चहा पाजला.

एकूण तेरा हजार तीनशे पन्नास. खेळ स्टीमवर सवलतीचा काळ पाहून घेतला. मोहल्ल्यातल्या एकाने पेनड्राइव्हवर चोरीची प्रत आणून दिली होती, ती बहिणीने परत करायला लावली. "दुसऱ्याच्या मेहनतीचं चोरून घरात आणायचं असेल तर मग एवढा हिशेब कशाला केला?" खेळ पंधरा हजारांच्या आतच बसला, कसाबसा.

चालला का? चालला, पण एका अडचणीसह. गल्ल्यांत, गच्च्यांवर, वाळवंटात ठीक. बाजारात गर्दी आली की चित्र अडखळे. कार्ड साठ टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर. आय-फाइव्ह ४५७० ला चार गाभे आणि चारच धागे. शेकडो माणसांच्या चालण्या-बोलण्याचा हिशेब त्याला झेपेना. खेळाच्या अपेक्षांत आय-सेव्हन ४७९०-के लिहिलेला आहेच. आमचा सल्ला आधीपासून असा होता की, प्रोसेसर शेवटी पाहू, कारण तो बदलायला नवा मदरबोर्ड लागत नाही; त्याच खाचेत आय-सेव्हन ४७७० बसतो, चार गाभे, आठ धागे, वीज तेवढीच. ज्यांच्या घरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचे यंत्र आहे त्यांनी मात्र इथे जपून असावे. त्या प्रोसेसरांत एव्हीएक्स-टू या सूचना नाहीत आणि काही नवे खेळ त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. चार आकडी नावाचा पहिला आकडा पिढी सांगतो.

सोळावा हजार बहीण देणार नव्हती. तेव्हा भाच्याने काय केले, तर मोहल्ल्यातल्या तीन घरांतले आणि मक्तबातले एक, अशी चार झाकलेली यंत्रे उघडली. धूळ, खोडरबर, पेस्ट, आणि ज्याला परवडेल त्याला एसएसडी. डब्यात ठेवलेली चार जीबीची पट्टी मक्तबाच्या यंत्रात गेली, तिचे त्याने पैसे घेतले नाहीत. बाकीच्यांकडून मजुरी घेतली. दोन महिन्यांत बावीसशे जमले. जुना आय-फाइव्ह देऊन वर तेवढेच टाकून आय-सेव्हन आला आणि बाजार सुरळीत चालू लागला.

दुल्हाभाईंना खर्चाचा आकडा व्हिडिओ कॉलवर सांगितला गेला तेव्हा आम्ही तिथे होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यात माझं एका बाजूचं तिकीट निघालं असतं." ते दोन वर्षे आले नव्हते. बहीण उठून आत गेली. या वाक्याला उत्तर नाही आणि आम्ही ते देण्याचा प्रयत्नही करत नाही. परदेशात राबणाऱ्या माणसाला घरातला प्रत्येक खर्च तिकिटाच्या मापानेच दिसणार. पोराने काही न बोलता मोबाइलचा कॅमेरा पडद्याकडे वळवला. दजलेवर संध्याकाळ होती, होड्या जात होत्या. दुल्हाभाई पाहत राहिले. "हे बगदाद? इराकची हद्द इथून गाडीने दीड-दोन तासांवर. कधी गेलो नाही." मग त्यांनी विचारले की, तो नदीपलीकडे जाऊ शकतो का. भाच्याने पोहून दाखवले.

दादी तर आता रोज असरनंतर खुर्ची ओढून बसते. तिला मारामारीत रस नाही. ती सुरू झाली की तस्बीह घेते. तिला बाजार पाहायचा असतो. कोणत्या दुकानात काय आहे, कापड कसले, भांडी कसली. खेळातच बगदादविषयी नोंदींचा एक कोश आहे, भाचा त्यातले इंग्रजी वाचून तिला कोकणीत सांगतो. बैतुल हिकमतशी नाते असलेल्या अल-ख्वारिज्मीचे नाव तिने पहिल्यांदा ऐकले, आणि आपल्या नातवाच्या पुस्तकातला 'अल्गोरिदम' हा शब्द त्या नावावरून आला हेही. बनू मुसा या तीन भावांनी इ.स. ८५० च्या सुमारास 'किताबुल हियल' लिहिले, त्यात आपोआप चालणारी कारंजी, दिवे, पाणी मोजून ओतणारी भांडी अशा शंभरेक करामती आहेत, हे आम्ही भर घालून सांगितले. बगदादच्या कागद विकणाऱ्यांच्या बाजाराची गोष्ट निघाली तेव्हा आम्हाला दौलताबादजवळचे कागजीपुरा आठवले. हातकागद करणाऱ्या आपल्या कागजी लोकांचे गाव. मराठीतला 'कागद' फारसीतून आला. शाळेत हे आम्हाला कोणी जोडून दाखवले नव्हते. दादीने सगळे ऐकून घेतले आणि पडद्यावरच्या नदीकडे बोट करून विचारले, "आणि हिला पूर येतो का?"

एक अडचण अजून बाकी आहे. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चौथ्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. सुरक्षेच्या वाढीव नोंदणीने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होते, ती भाच्याने करून घेतली. त्यापुढे लिनक्स. स्टीमच्या प्रोटॉन या जोडणीने विंडोजचे बरेच खेळ लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचे त्याला दुःख नाही, मोहल्ल्यातल्या पोरांना आहे, कारण त्यांची यंत्रेही आता याच्याच हाताखालून जातात आणि तो सगळ्यांना लिनक्स घ्या म्हणतो. जुन्या हार्डडिस्कवर त्याने ते टाकून पाहिले आहे. मिराज सुरू झाला, आवाज फाटत होता, तो दुसऱ्या दिवशी सुधारला.

बारावीची परीक्षा तोंडावर असल्याने बहिणीने सध्या खेळाला दिवसाचा एक तास ठरवून दिला आहे. दुरुस्तीला तास ठरवलेले नाहीत, याचा तो पुरेपूर फायदा घेतो. आम्ही हे लिहीत असताना त्यांच्या टेबलावर पलीकडच्या आळीतल्या एका घरचे यंत्र उघडे पडले आहे. त्याच्याही डब्यावर ४५० वॅट लिहिले आहे. १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर.